चार वर्षांच्या मुलीचे फोटो घरात नीट येत नाहीत, आणि एडिट केले की ती तीच वाटत नाही

परळचा_बाबा

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसतं वाचतोय, लिहितोय पहिल्यांदाच, थोडं लांबेल.

माझी मुलगी चार पूर्ण करून पाचव्यात गेलीये. मावसभावानी नवीन कॅमेरा घेतला तेव्हा त्याचा जुना कॅनन २०० डी मला दिला, सोबत १८-५५ ची किट लेन्स आणि ५० एमएम १.८, जी झूम होत नाही. फोटोग्राफी काही शिकलेलो नाही, पण हिचे फोटो मला नीट काढायचेत, कारण माझ्या स्वतःच्या लहानपणीचे सगळे मिळून तीन फोटो आहेत आणि त्यातल्या दोनांत मी कुणाच्यातरी लग्नात कडेला उभा आहे.

राहायला परळला चाळीत, दुसरा मजला. एक खोली, आत स्वैपाकघर, मागे एकच खिडकी ती पण शेजारच्या टॉवरच्या पार्किंगकडे उघडते, त्यामुळे दिवसा पण ट्यूब लावावी लागते. मग होतं असं की फोटो एकतर हलतात, म्हणजे तिचा हात, केस सगळं पुसल्यासारखं, नाहीतर रंग हिरवट-पिवळा येतो, कावीळ झाल्यासारखा. फ्लॅश लावला तर मागच्या कपाटावर काळी सावली आणि कपाळावर पांढरा डाग. ५० नी काढायला गेलो तर मागे सरकत सरकत पाठ मोरीच्या दाराला लागते तरी ती पूर्ण मावत नाही, आणि जवळून चेहराच घ्यावा तर एक डोळा क्लिअर, दुसरा धूसर.

पण मला जे खरं विचारायचंय ते वेगळं आहे. तिचा रंग सावळा, माझ्या आईवर गेलीये. वाढदिवसाचे फोटो मी फोनवरच्या एका अ‍ॅपमध्ये टाकले, एक बटण दाबलं की सगळं आपोआप होतं म्हणून. त्यानी चेहरा गुळगुळीत केला, दोन शेड गोरा केला, आणि आजीनी गालाला लावलेली तीट डाग समजून पुसून टाकली. घरच्या ग्रुपवर टाकल्यावर भरपूर कौतुक, एका नातेवाइकांनी लिहिलं "किती उजळ दिसतेय, असेच काढत जा". संध्याकाळी मुलीला दाखवला, ती बराच वेळ बघत बसली आणि म्हणाली, "बाबा, ही कोणे?" त्या दिवसापासून मी एकही फोटो एडिट केलेला नाही, हात धजत नाही.

तर सांगा, अशा घरात उजेडाचं काय करायचं, आणि एडिट करायचंच तर कशात आणि किती की ती तीच दिसेल. आणि ती दहा सेकंद एका जागी थांबत नाही, त्यावर काही असेल तर ते पण.

माहीमची_मावशी

अहो तुमच्याकडे चाळीची गॅलरी आहे आणि तुम्ही खोलीत कशाला काढताय फोटो! फ्लॅटवाले आम्ही असा उजेड शोधत फिरतो. वर छप्पर असल्यामुळे डोक्यावरचा कडक उजेड अडतो आणि समोरून मोकळ्या आभाळाचा उजेड आत येतो, चेहऱ्याला यापेक्षा चांगलं काही नाही. मुलीला कठड्यापासून एक-दीड हात आत बसवा, तोंड बाहेरच्या बाजूला थोडं वळलेलं, आणि तुम्ही गॅलरीच्या लांबीत बसा. गॅलरी रुंदीला कमी असली तरी लांब असते, म्हणजे तुमच्या ५० ला लागणारी जागा तिथे आहे. तुमच्या कॅमेऱ्याचा सेन्सर लहान, त्यावर ५० ची लेन्स ८० सारखी वागते, म्हणून खोलीत मावत नाही, त्यात तुमची काही चूक नाही. खोलीत काढायचंच झालं तर किट लेन्स ३० च्या आसपास ठेवा.

फक्त ऊन थेट गॅलरीत पडतं ती वेळ टाळा. आणि कठड्यावर काय वाळत घातलंय ते बघा, लाल चादर असेल तर अर्धा गाल लाल येणार. मी माझ्या भाचीचे फोटो काढताना शेजारच्या काकूंना सांगून त्यांची पांढरी चादर मुद्दाम मधे राहू दिली होती, ऊन त्यातून गाळून येत होतं, इतका मऊ उजेड की मला स्वतःलाच खरं वाटेना.

सावलीकडची बाजू फार काळी वाटली तर पांढरा सनबोर्ड धरा, स्टेशनरीच्या दुकानात मिळतो. पूर्वी आम्ही थर्माकोल वापरायचो, २०१८ च्या बंदीनंतर ते सुटलं, सनबोर्ड तेच काम करतो. तोही नसेल तर पांढरा लेंगा-सदरा घालून बसा, खोटं नाही सांगत, जवळ बसलेल्या माणसाचे कपडे पण उजेड परतवतात.

हलण्याचं म्हणाल तर मुलाच्या फोटोला शटर, म्हणजे कॅमेरा किती वेळ उजेड घेतो ते, सेकंदाच्या १/२५० पेक्षा हळू ठेवायचंच नाही, पळत असेल तर १/५००. एम मोडला टाका, म्हणजे सगळं हातानी, शटर १/२५०, अ‍ॅपर्चर (लेन्सचं भोक, आकडा लहान तितकं भोक मोठं) २.८, आयएसओ (उजेडाला कॅमेरा किती संवेदनशील ते) ऑटो. आयएसओ १६०० झाला, ३२०० झाला तरी घाबरू नका, दाणे आलेला फोटो ठेवता येतो, हललेल्या फोटोचं काही करता येत नाही. एक डोळा क्लिअर येतो कारण एक मीटरवरून ५० ला १.८ ठेवलं तर जेमतेम अडीच-तीन सेंटिमीटर जाडीचा पट्टा फोकसमध्ये असतो, नाकापासून डोळ्यापर्यंतच संपला. २.८ करा, चेहरा किंचित वळलेला असेल तर ४, आणि फोकस नेहमी जवळच्या डोळ्यावर.

हिरवट-पिवळं येतं ते दोन प्रकारचे उजेड एकत्र आल्यामुळे, खिडकीचा वेगळा आणि ट्यूबचा वेगळा, कॅमेऱ्यानी एकाला धरलं की दुसरं बिघडतं. खिडकीजवळ काढताना ट्यूब बंदच करा. रात्री इलाजच नसेल तर शटर १/१०० ठेवून बघा, आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, काही दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात, डोळ्याला कळत नाही पण फास्ट शटरला एका फोटोत उजेड एका फोटोत अंधार असं येतं. फ्लॅश वापरलाच तर कॅमेऱ्यावरचा नको, वेगळा घेऊन पांढऱ्या छताकडे वळवा, पण मी म्हणेन सध्या घेऊच नका.

थांबत नाही म्हणता, तर थांबवू नका. हातात काम द्या. मटार सोलायला बसवा. मटार सोलणारं पोर पंधरा मिनिटं एका जागी असतं आणि मान खाली, मग हळूच वर बघतं, तो फोटो. "स्माइल कर" म्हणायचं नाही, तसं म्हटलं की सगळी मुलं दात दाखवून डोळे मिटतात.

कट्टेकरी

२०० डी वर किती मेहनत घेणार राव, मोठ्या सेन्सरचा फुल फ्रेम मिररलेस कॅमेरा घे आणि ८५ एमएम १.८ लेन्स, डोळ्यावर फोकस आपोआप बसतो, बॅकग्राउंड लोण्यासारखं. सेकंडहँड बघायचं असेल तर फोर्टात सीएसएमटीजवळ दुकानं आहेतच.

माहीमची_मावशी

डोळ्यावरच्या फोकसचं मान्य, पळणाऱ्या पोरांना त्याचा खूप उपयोग होतो. पण दहा बाय बाराच्या खोलीत ८५ घेऊन हा माणूस उभा कुठे राहणार? आणि त्यांचा प्रश्न चेहऱ्यावर पडणाऱ्या उजेडाचा आहे, तो नवीन कॅमेऱ्यात येत नाही. आधी याच कॅमेऱ्यावर वर्षभर काढू देत.

मीठागर

मधेच एक. कॅमेरा जुना आहे तर लेन्समध्ये टॉर्च मारून बघ, कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं तर बुरशी आहे. आपल्या हवेत पावसाळ्यात हे हमखास होतं, कपाटात कपड्यांमध्ये किंवा चामड्याच्या पाऊचमध्ये ठेवलेल्या लेन्स पहिल्या जातात. घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा, त्यात सिलिका जेल आणि एक स्वस्तातला आर्द्रतामापक, काटा ४०-५० टक्क्यांच्या मध्ये ठेवायचा. आणि एसीतून बाहेर आल्या आल्या लेन्सवर वाफ धरते ती पुसत बसू नको, बॅगेत बंद ठेवून वीसेक मिनिटं थांब.

जुना_रोल

मी सहसा लिहीत नाही, पण "बाबा, ही कोणे" वाचून राहवलं नाही.

आमचा गिरगावात स्टुडिओ होता, वडिलांनी काढलेला, मी शाळेत असल्यापासून डार्करूममध्ये. आता तिथे मोबाइलची ॲक्सेसरीज मिळतात. मुलांचे फोटो आम्ही यशिकाच्या दोन भिंगांच्या कॅमेऱ्यावर काढायचो, १२० चा रोल, त्यात चौकोनी बारा फोटो बसतात. बारातले दोन-तीन एका मुलाच्या वाट्याला, त्यात काय ते साधायचं. त्यामुळे आम्ही फोटो कमी काढायचो आणि बघायचो जास्त. मूल आलं की पहिली दहा मिनिटं कॅमेऱ्याला हात नाही. त्याला त्या काळ्या पडद्याची, दिव्यांची, माझी सवय होऊ द्यायची. खुळखुळा आम्ही पण वाजवायचो पण एकदाच, दुसऱ्यांदा वाजवला की मूल खुळखुळ्याकडे बघतं, तुमच्याकडे नाही.

त्या कॅमेऱ्यात वरून खाली बघायचं असायचं, कमरेशी धरून. चित्र डावं-उजवं उलटं दिसायचं त्यामुळे पळणारं मूल पकडणं महाकठीण, पण एक मोठा फायदा होता, लेन्स आपोआप मुलाच्या तोंडाच्या उंचीला यायची आणि माझा चेहरा मुलाला उघडा दिसायचा. आता तुम्ही लोक कॅमेरा डोळ्याला लावता, म्हणजे चार वर्षांच्या मुलाला वरून बघणारी एक काळी पेटी दिसते, बापाचा चेहरा जातो. तुमच्या २०० डी ची मागची स्क्रीन बाहेर वळते ना? ती वळवा, कॅमेरा पोटाशी धरा, जमिनीवर मांडी घालून बसा, आणि तिच्याशी बोलत राहा. बापाकडे बघणारे डोळे आणि कॅमेऱ्याकडे बघणारे डोळे यात फरक असतो, तो फोटोत दिसतो.

आता रंगाचं. हे काही तुमच्या अ‍ॅपनी नवीन काढलेलं नाही. आम्ही निगेटिव्हवर पेन्सिलीनी रिटच करायचो, खालून दिवा असलेल्या काचेवर निगेटिव्ह ठेवून, टोकदार शिसपेन्सिलीनी बारीक बारीक ठिपके. निगेटिव्हवर पेन्सिल लागली की तेवढी जागा प्रिंटमध्ये उजळ येते, म्हणून देवीचे व्रण, डोळ्याखालचं काळं, सगळं भरायचो. आणि गोरं करणं त्याहून सोपं, एन्लार्जरखाली, म्हणजे निगेटिव्ह मोठी करून कागदावर पाडणाऱ्या यंत्राखाली, कागदाला उजेड थोडा कमी दिला की माणूस गोरा. लग्नाच्या मुलींचे फोटो सगळे असे निघायचे, लोक सांगूनच जायचे. मी पण शेकडो केले असतील. आज वाईट वाटतं, कारण त्यातल्या कितीतरी बायकांचा तरुणपणीचा घरातला तोच एक फोटो असेल, आणि त्यात त्या नाहीत.

वडील मात्र लहान मुलांच्या निगेटिव्हला पेन्सिल लावू द्यायचे नाहीत. त्यांचं म्हणणं कारागिराचं होतं. गोरं करायला जाल तर आधी कपाळाचा आणि गालाचा गोलवा जातो, चेहरा चपटा होतो, कागदी. सावळ्या चेहऱ्याची गंमत त्याच्यावरच्या चमकेत असते, कपाळ, नाकाचा शेंडा, गालाचा उंचवटा, तिथे उजेड कसा सरकतो त्यात. म्हणून सावळ्या मुलाला समोरून उजेड मारायचा नाही, बाजूनी द्यायचा, आणि मोठा द्यायचा. तुमच्या गॅलरीचा उजेड नेमका तसाच आहे. आंघोळीनंतर चेहऱ्याला हलकं खोबरेल लावलेलं असेल तर पावडर लावू नका वर, तसंच काढा.

आणि तीट ठेवा. आजीनी लावलीये ती.

परळचा_बाबा

काका, तुमची पोस्ट बायकोला वाचून दाखवली, दोघं काही वेळ काही बोललो नाही.

आज रविवार होता तर सकाळी साडेआठला गॅलरीत चटई टाकली, मटार आता महाग आहेत म्हणून शेंगदाणे दिले सोलायला. स्क्रीन वळवून मांडीवर कॅमेरा. पहिली दहा मिनिटं खरंच काढलं नाही काही, ती मला सांगत होती की खालच्या मांजरीला पिल्लं झालीत आणि त्यातलं एक काळं आहे तिच्यासारखं. हे ती मजेत सांगत होती, तिला त्यात काही कमी वाटत नाही अजून. मग काढले पन्नासेक, बारावर काही भागलं नाही. पण त्यातले सहा-सात असे आहेत की मला विश्वास बसत नाही हे आमच्या गॅलरीत काढलेत. मागे बादल्या, सायकल, शेजाऱ्यांची दारं, सगळं धूसर होऊन मस्त रांगेत दिसतंय.

संध्याकाळी शिवाजी पार्कला गेलो पाचच्या सुमारास. तिथले तेवढे नाही जमले. काहींत हनुवटीखाली आणि गळ्यावर तांबूस छटा आली, आणि झाडाखालचे काढले त्यात चेहऱ्यावर उन्हाचे कवडसे. आणि काही फोटोंत मागे आभाळ असल्यामुळे चेहराच काळा पडला.

आता हे सगळे रॉमध्ये काढलेत, म्हणजे कॅमेऱ्यानी स्वतः काही न बदललेली कच्ची फाइल. एडिटचं सांगा कुणीतरी, भीती वाटतेच आहे.

पिक्सेल_दादर

मी सांगतो, हाच माझा रोजचा उद्योग, म्हणजे हौशीच पण बारा वर्षं झाली.

आधी शिवाजी पार्कचं. तांबूस छटा मैदानातल्या लाल मातीची, ऊन मातीवर आपटून खालून चेहऱ्यावर येतं. हिरवळीवर हेच हिरवं येतं आणि ते जास्त वाईट दिसतं, त्वचेला हिरवं सहन होत नाही. चौपाटीच्या कोरड्या वाळूवर उलट फायदा होतो, वाळू फिकी असल्यामुळे खालून छान उजेड मिळतो, डोळ्याखालची सावली भरून निघते. दादर चौपाटीला सूर्यास्ताच्या आधी तासभर जा, समुद्र पश्चिमेला आहे त्यामुळे शेवटपर्यंत उजेड मिळतो, फक्त वेळ ऋतूप्रमाणे बघ, डिसेंबरात सहाच्या सुमारास संपतं आणि जूनमध्ये सव्वासात होतात. दुपारी बाहेर काढूच नको. मेच्या मध्याला आणि जुलैच्या शेवटी आपल्याकडे सूर्य अगदी माथ्यावर येतो, सावली पायाखाली जाते, तेव्हा डोळ्यांच्या जागी दोन काळे खड्डे. पावसाळ्यात मात्र सगळं आभाळच पांढऱ्या चादरीसारखं असतं, पाऊस थांबला की लगेच खाली उतरायचं. झाडाखाली कवडशात नको, पूर्ण सावली बघ, फाइव्ह गार्डनला मोठी झाडं आहेत तिथे कडेला मिळते तशी.

मागे आभाळ किंवा पांढरी भिंत असली की कॅमेरा सगळं फार उजेडाचं समजून फोटो काळा करतो, सावळ्या मुलांच्या बाबतीत हे सगळ्यात जास्त घडतं, आणि मग लोक कॉम्प्युटरवर तो चेहरा ओढून ओढून वर आणतात, त्यात दाणे आणि करडा रंग. त्यापेक्षा काढतानाच ऑटो आयएसओ बंद करून हातानी वाढव, चेहरा नीट दिसेपर्यंत. गॅलरीतला उजेड पाच मिनिटांत बदलत नाही, एकदा ठरवलं की ठरवलं. चेहरा नीट उजेडात आणणं आणि चेहरा गोरा करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पहिली करायलाच पाहिजे, तिची भीती बाळगू नको.

सॉफ्टवेअर डार्कटेबल घे, फुकट आहे, कॅननच्या सीआर२ म्हणजे रॉ फाइल उघडतं, पहिल्या आठवड्यात डोकं दुखेल, मग जमेल. लाइटरूम सोपं आहे पण पैसे लागतात. फोनवरच करायचं तर स्नॅपसीड पुरतं.

सुरुवात व्हाइट बॅलन्सनी कर, म्हणजे पांढरं पांढरंच दिसेल असे रंग जुळव, बाकी काही हलवायच्या आधी. फ्रेममध्ये काहीतरी खरंच पांढरं किंवा करडं असेल, बनियन, कागद, त्यावर पिकर, म्हणजे रंग उचलायचं टूल, टेकव. डोळ्याच्या पांढऱ्यावर टेकवू नको, मुलांचे डोळे निळसर असतात, सगळा फोटो पिवळा होईल. मग एक्स्पोजर, म्हणजे एकूण उजेड, मग हायलाइट, म्हणजे सगळ्यात उजळ भाग, थोडे खाली, कपाळाची चमक जळालेली नसावी पण जायला पण नको, काकांनी सांगितलंच आहे. मग क्रॉप, मनगटावर किंवा घोट्यावर कापू नको, पोटरी किंवा दंड चालतो.

यापुढे रंगाचे वेगवेगळे स्लायडर आहेत त्यात नारिंगी म्हणजे त्वचा. त्याचा ल्युमिनन्स, म्हणजे उजळपणा, वर नेला की त्वचा गोरी होते, तेच ते बटण, फक्त मोठ्या माणसांच्या सॉफ्टवेअरमध्ये लपलेलं. आणि सॅच्युरेशन, म्हणजे रंगाचा गडदपणा, खाली नेलं की सावळी त्वचा राख फासल्यासारखी दिसते, ते अजून वाईट. माझा नियम, नारिंगीला हात लावायचाच झाला तर रंगछटा दोन-चार पॉइंट इकडेतिकडे, तेही लाल मातीसारखं काही आलं असेल तरच. टेक्स्चर, म्हणजे त्वचेचा बारीक पोत दाखवणारा स्लायडर, फार तर उणे दहा. स्किन स्मूदिंगचं लहान मुलाला कामच नाही, त्वचा आधीच इतकी सुंदर असते.

डाग काढायचं म्हणशील तर जे आठवड्याभरात आपोआप जाणार आहे ते काढलं तरी चालेल. डास चावलेलं, नाकाला आलेलं, ओठाला लागलेलं वरण. जे तिच्याबरोबर मोठं होणार ते तसंच, तीळ, जन्मखूण, भुवईतली खोक. पडलेल्या दाताची जागा तर चुकून पण भरू नको. मला स्वतःला वरण पण काढवत नाही हल्ली.

आणि शेवटी खरी परीक्षा, फोन घेऊन तिच्या शेजारी गॅलरीत उभा राहा, एकदा चेहरा बघ, एकदा फोटो. त्याआधी फोनचा रात्रीचा पिवळा मोड बंद कर आणि डिस्प्ले भडक सेटिंगवर असेल तर साधा कर, नाहीतर जे बघतोयस ते फोटोतलं नसेलच.

दोन_लेकरांची_आई

सगळं छान चाललंय, एक काळजीचं बोलते. परळचे बाबा, तुम्ही शिवाजी पार्कला गेलात तेव्हा आजूबाजूची मुलं फ्रेममध्ये आली असतील ना, ती फोटोत ओळखू येत असतील तर ते फोटो कुठे टाकू नका. मुद्दाम दुसऱ्याच्या मुलाचा काढायचा असेल तर आधी आईबापांना विचारायचं, काढल्यावर दाखवायचा, आणि पाठवायचा. माझ्या धाकट्याचा फोटो एका अनोळखी गृहस्थांनी बागेत काढला होता, लांबून झूम करून, हेतू चांगलाही असेल, पण मी रात्रभर झोपले नव्हते. तसंच फुटपाथवरच्या मुलांचे फोटो "किती एक्स्प्रेसिव्ह" म्हणून काढणारे दिसतात, त्या मुलांना पण आई असते आणि ती बहुतेक वेळा तिथेच दहा पावलांवर असते, तिला कुणी विचारत नाही.

स्वतःच्या मुलीचे पण सगळीकडे टाकू नका. शाळेचा युनिफॉर्म, आयकार्ड, चाळीचं नाव लिहिलेली पाटी मागे असेल तर क्रॉप करा. आंघोळीचे फोटो तर अजिबात नाही, घरच्या ग्रुपवर पण नाही. आणि फोननी काढलेल्या फोटोत जागेची माहिती असू शकते, व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो पाठवला तर ती निघून जाते पण डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर तशीच जाते, म्हणून कॅमेऱ्याचं लोकेशन सेटिंगमधून बंदच ठेवा.

आणि तिला विचारा. चार वर्षांची आहे, तिला कळतं. माझी मोठी आता नऊची आहे, ती कुठला फोटो आत्याला पाठवायचा ते स्वतः ठरवते. कधीकधी मला आवडलेला सगळ्यात सुंदर फोटो ती नाही म्हणते आणि मग तो नाही जात.

परळचा_बाबा

ताई, हे डोक्यातच नव्हतं आलं, थँक्यू. पार्कातले तीन फोटो होते दुसऱ्या मुलांचे, काढून टाकले.

पिक्सेलभाऊ, डार्कटेबलनी खरंच डोकं दुखलं, पण व्हाइट बॅलन्स आणि एक्स्पोजर एवढंच केलं, बाकी कशाला हात नाही लावला. शेंगदाण्याच्या टरफलाचा एक तुकडा केसात आहे, तो पण ठेवला. काल मुलीला सात फोटो दाखवले आणि विचारलं कुठला लावायचा भिंतीवर. तिनी तो निवडला ज्यात ती हसत नाहीये, खाली बघून शेंग फोडतेय आणि जीभ थोडी बाहेर आलीये. म्हणाली, "हा माझा."

ग्रुपवर अजून टाकला नाही. आईला मात्र दाखवला, तिनी चष्मा लावून बघितला आणि विचारलं, माझा असा एखादा निघेल का रे गॅलरीत. येत्या रविवारी तिचा काढणार आहे.

तोपर्यंत मुलीचा प्रिंट करायचाय, ८ बाय १२. फोटोवाल्याला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला तर चालेल का, आणि मॅट की ग्लॉसी?

पिक्सेल_दादर

साधा पाठवू नको, दाबून लहान होतो आणि मोठ्या प्रिंटला फाटतो, डॉक्युमेंट म्हणून पाठव किंवा पेनड्राइव्हवर ने. ताईंनी लोकेशनचं सांगितलं ते फोनच्या फोटोंना, तुझ्या २०० डी मध्ये जीपीएस नाही, फोनवरून लोकेशन जोडलं नसशील तर काळजी नको. ८ बाय १२ इंचाला ३०० डीपीआयनी, म्हणजे इंचाला ३०० ठिपके, २४०० बाय ३६०० पिक्सेल लागतात, २४ मेगापिक्सेलमधून क्रॉप करून पण आरामात निघेल. एक्स्पोर्ट करताना रंगाचा प्रकार एसआरजीबी निवड. स्क्रीनला मागून उजेड असतो, कागदाला नसतो, त्यामुळे प्रिंट थोडा गडद येतो, आधी ४ बाय ६ चा एक काढून बघ आणि लागलं तर एक्स्पोजर जरा वाढव. आणि फोटोवाल्याला स्पष्ट सांग, ऑटो करेक्शन बंद, काही ठिकाणी न विचारता मशीनवर चेहरे उजळ करून देतात.

जुना_रोल

मॅट घ्या. ग्लॉसी आपल्या दमट हवेत दोन पावसाळ्यांत फ्रेमच्या काचेला चिकटतो, मग ओढून काढला की चेहऱ्यावरचाच पापुद्रा निघतो. मॅट असला तरी फ्रेमवाल्याला सांगून काच आणि फोटोच्या मध्ये माउंटची पट्टी घालून घ्या, आणि गॅलरीकडच्या भिंतीवर लावू नका, ओल त्याच भिंतीला येते.

आईंचा काढाल तेव्हा त्यांना पण काहीतरी सोलायला द्या.